मुलगी तुमचंच काम शिकायला मागते आहे

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे, थोडक्यात असं: "पंचवीस वर्षं रस्त्यांची कंत्राटं घेतोय. मुलीला सीईटीला ९४ पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटर घेईल असं वाटलं होतं, पण ती फॉर्म्युला वनच्या नादी लागली आहे. सिव्हिल घेऊन रेसच्या ट्रॅकच्या डांबरीकरणात काम करायचं म्हणते. नवा रस्ता घसरडा असतो, असं मलाच शिकवते! टीव्ही बंद केलाय. सिव्हिल घेतलंस तर फी भरणार नाही, असं सांगितलंय. तुम्ही समजवा."

नमस्कार. गुण चांगले आहेत, त्यांची चिंता नाही. मला खटकलं ते फीचं वाक्य. अठरा वर्षांच्या मुलीने वडिलांच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला आणि घरातून उत्तर आलं ते पैसे बंद करण्याचं. तिने पुढे कुठलीही शाखा घेतली तरी हे ती विसरणार नाही. धमकी आधी मागे घ्या, तीही तिच्यासमोर, स्पष्ट शब्दांत. शाखेचं त्यानंतर बोलू.

आता तुमच्या दोघांच्या वादाचं. नवं डांबर म्हणजे उत्तम पकड, असं तुम्ही धरून चालला आहात. टायरला पकड मिळते ती मुख्यतः खडीच्या खरखरीत पृष्ठभागावर. नव्या थरात प्रत्येक खडीवर डांबराचा पातळ लेप असतो, त्यातले तेलकट अंश वर येत राहतात. वाहतुकीने तो लेप झिजला की खडी उघडी पडते आणि पकड वाढते. नव्या कार्पेटवर, म्हणजे डांबराच्या नव्या वरच्या थरावर, पहिल्या पावसात दुचाक्या घसरतात, हे तुम्ही तुमच्याच कामावर पाहिलं असेल. इस्तंबूलच्या ट्रॅकवर २०२० मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या जेमतेम दोन आठवडे आधी नवा थर टाकला. नोव्हेंबरची थंडी होती, त्यात टायरही सगळ्यात कडक जातीचे आणलेले. सरावात जगातले उत्तम चालक सरळ रस्त्यावरही गाडी सांभाळताना दिसले. शुक्रवारची सर्वांत वेगवान फेरी १ मिनिट २८ सेकंदांची होती. पुढच्या वर्षी शर्यतीआधी तोच पृष्ठभाग जोरदार दाबाच्या पाण्याने खरखरीत केला, टायरही एक पायरी मऊ दिले, आणि पात्रता फेरीत वेळ १ मिनिट २२ सेकंदांवर आली. मात्र मुलीचं म्हणणंही अपुरं आहे, हे तिला सांगा. ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला २०१३ च्या मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलींच्या शर्यतीत, नेमकं उलटं झालं. तिथल्या नव्या पृष्ठभागावर पकड इतकी होती की मागचे टायर पूर्ण शर्यत टिकेनात. शर्यत २७ फेऱ्यांवरून १९ वर आणली आणि मध्येच मोटरसायकल बदलणं सक्तीचं केलं. नवा थर घसरडा होणार की टायर खाणार, हे खडी कोणती, डांबर किती, थर टाकल्याला किती दिवस झाले आणि हवा कशी, यावर ठरतं. पाण्याच्या निचऱ्याचंही तसंच. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर २०१८ च्या सुरुवातीला नवा थर टाकला. ऑगस्टमध्ये पाऊस पडला, पाणी ट्रॅकवरून निघेना आणि मोटोजीपीची शर्यतच रद्द झाली. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा डांबरीकरण करावं लागलं.

यातला एक तरी मुद्दा तुमच्या हॉट मिक्स प्लांटला परका आहे का? मुलगी तुमचंच काम शिकायला मागते आहे, फक्त जास्त खोलात जाऊन. मला शंका आहे की मुलगा असता तर तुम्ही हे पत्र लिहिलं नसतं, त्याला साइटवर नेलं असतं.

तिच्यासाठीही एक कटू गोष्ट. आपल्याकडे नाव घेण्याजोगे ट्रॅक ग्रेटर नोएडा, चेन्नई, कोइम्बतूर असे मोजकेच. तिथे नवा थर वर्षानुवर्षांतून एकदा पडतो. निव्वळ त्यावर पोट भरणार नाही, म्हणून हे स्वप्न एका ट्रॅकपुरतं ठेवू नकोस. विमानतळाच्या धावपट्टीवर हाच प्रश्न रोज असतो. विमानं उतरतात तिथे टायरचं रबर साचतं, पृष्ठभागाचा खरखरीतपणा बुजतो आणि पावसात ती जागा धोक्याची होते. ते रबर दाबाच्या पाण्यानेही काढतात. शर्यतीच्या ट्रॅकवर तेच रबर कोरड्यात पकड देतं आणि पावसात घात करतं. धावपट्ट्या, द्रुतगती मार्ग, घाटातली वळणं या सगळ्यांना हे जाणणारी माणसं लागतात. मला विचाराल तर तिने सिव्हिलच घ्यावं.

वाट नेहमीचीच: कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, सिव्हिल, मग एम.टेक.ची गेट ही प्रवेश परीक्षा देऊन ट्रान्सपोर्टेशनमध्ये एम.टेक.; आयआयटी मुंबई, मद्रास, खरगपूर त्यासाठी आहेतच. जर्मन किंवा इटालियन भाषा आत्तापासून शिकली तर उत्तम, कारण ट्रॅक आखणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या त्या देशांत आहेत.

कॅपचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत तिला तुमच्या प्लांटवर घेऊन जा. मिक्सचं तापमान तिला नोंदू द्या, रोलर कधी फिरवायचा हे तुमच्या अनुभवी मिस्त्रीकडून ऐकू द्या. महिनाभर उन्हात आणि धुरात उभं राहूनही तिला सिव्हिलच हवं असेल, तर पसंतीक्रमाचा फॉर्म तिला स्वतःला भरू द्या. आणि टीव्ही आजच सुरू करा.