लाळ गळणारे उंदीर आणि केमोनंतरची कॅप्सूल

चेतापेशी एकमेकींना निरोप देताना प्रथिनांचे काही छोटे तुकडे वापरतात, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्यातल्या 'सबस्टन्स पी'वर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीसहून अधिक वर्षं मी याच रेणूच्या मागे होते, त्यामुळे आलेली पत्रं वाचताना फार बरं वाटलं. त्यातल्या काहींना आज उत्तरं.

प्रश्न : माझ्या आईची केमोथेरपी चालू आहे. उलट्या होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी अॅप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल दिल्या. हे औषध सबस्टन्स पीला अडवतं म्हणे. पण तुम्ही तर तो वेदनेचा निरोप्या आहे असं लिहिलं होतं. मग ते उलटीवर कसं चालतं? – एक वाचक, सांगली

तुमच्या आईंना लवकर बरं वाटो. प्रश्न अगदी नेमका आहे.

निरोप्या एकच असला तरी तो कुठल्या दारावर थाप मारतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं. सबस्टन्स पीचं दार म्हणजे पेशीच्या पटलावरचा एनके-१ नावाचा रिसेप्टर. हा रिसेप्टर मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर आहे, तसाच तो मेंदूच्या देठातही आहे, जिथे उलटीचा हुकूम सुटतो. केमोनंतर पहिल्या दिवशीच्या उलट्यांमागे मुख्यतः आतड्यातून सुटणारं सेरोटोनिन असतं, त्यावर ऑनडॅनसेट्रॉन हे औषध चांगलं काम करतं. दुसऱ्या दिवसापासून जी मळमळ रेंगाळते तिच्यामागे सबस्टन्स पीचा हात मोठा असतो, आणि तिथे ऑनडॅनसेट्रॉन कमी पडतं. ही उणीव भरून काढणाऱ्या अॅप्रेपिटंटला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली.

उंदरांवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना हा गुण सापडणं कठीणच होतं, कारण उंदराला उलटी होतच नाही. मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्याला ती होते, म्हणून ते प्रयोग फेरेटवर झाले.

नेहमीची पद्धत अशी : पहिल्या दिवशी केमोच्या तासभर आधी १२५ मिलिग्रॅम, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी ८०-८० मिलिग्रॅम. 'काल उलटी झालीच नाही, मग आज कशाला घ्यायची?' असं म्हणून पुढच्या कॅप्सूल स्वतःहून बंद करू नका. उलटी झाली नाही ती कालच्या औषधांमुळेच, आणि खरी गरज त्या दोन दिवसांतच असते. हे औषध यकृतातल्या एका एन्झाइमचं काम मंदावतं, त्यामुळे सोबतच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा डोस डॉक्टर मुद्दाम कमी ठेवतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही या औषधाने कमी होतो, तरुण रुग्णांनी हे लक्षात ठेवावं.

प्रश्न : मी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. रिसेप्टर, जी-प्रोटीन, कॅल्शियम हे सगळं पुस्तकात बाणांनी दाखवतात. मॅडम, हे प्रत्यक्ष कधी दिसतं का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

दिसतं गं. मी पहिल्यांदा पाहिलं ते काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर. गिनिपिगच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना दोरा बांधलेला, टायरोड नावाच्या क्षारांच्या द्रावणात ३७ अंशांना लोंबकळत ठेवलेला, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. वरचा दोरा तरफेला आणि तरफेचं टोक ड्रमवरच्या काळ्या कागदाला टेकलेलं. अॅसिटिलकोलीनचा, म्हणजे चेतापेशींच्या आणखी एका निरोप्याचा, थेंब टाकला की तुकडा आवळायचा आणि काजळीत पांढरी रेघ वर चढायची. त्याला अडवणारं अॅट्रोपीन घातलं की अॅसिटिलकोलीनची रेघ आडवीच राहायची. पण त्याच अॅट्रोपीनमध्ये सबस्टन्स पी टाकलं, तर रेघ पुन्हा वर! तो कागद वॉर्निशमध्ये बुडवून वाळवून मी अजून जपून ठेवला आहे.

१९३१ साली लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी पाहिलं ते हेच. घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क सशाच्या आतड्यावर टाकला, तर अॅट्रोपीन असूनही आतडं आवळलं. म्हणजे हे अॅसिटिलकोलीन नव्हे, दुसरंच काही तरी. अर्क वाळवून केलेल्या पावडरीचा 'पी' पुढे नावाला चिकटला.

तुझ्या पुस्तकातले बाण त्या आवळण्याच्या आत आहेत. सबस्टन्स पी रिसेप्टरला बसलं की आतल्या बाजूचं जी-क्यू प्रथिन जागं होतं, ते फॉस्फोलायपेज सी या एन्झाइमला कामाला लावतं, साठ्यातलं कॅल्शियम पेशीत मोकळं होतं आणि स्नायू आवळतो. आता कॅल्शियमला चिकटल्यावर चमकणारे रंग मिळतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत उजेडाची लाट फिरताना दिसते. पहिल्यांदा पाहशील तेव्हा श्वास रोखून बघशील. पण जमलं तर आधी आतड्याचा तुकडा लाव. डोस आणि प्रतिसाद यांचं नातं हाताला कळतं ते तिथेच.

प्रश्न : एम.फार्म.च्या प्रबंधासाठी न्यूरोपेप्टाइड घ्यावं असं मनात आहे. पण सबस्टन्स पीवरची वेदनाशामकं माणसांत अयशस्वी ठरली, हा विषय संपला, असं सगळे सांगतात. काय करू? – एक विद्यार्थी, नाशिक

वेदनाशामकं चालली नाहीत हे खरं आहे. १९९० च्या दशकात एनके-१ अडवणारी औषधं प्राण्यांत आशादायक दिसली आणि माणसांत मायग्रेन, सांधेदुखी, चेतांच्या वेदना या सगळ्यांत पडली. मीही तेव्हा त्यांच्यावरच काम करत होते, ते दिवस फार जड गेले. पण 'विषय संपला' हे मला मान्य नाही.

सुझन लीमन या संशोधिकेची गोष्ट सांगते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात त्या ताणाच्या वेळी पिट्युटरी ग्रंथीला चेतवणारं संप्रेरक शोधत होत्या. गाईबैलांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा अर्क काढून त्याचे वेगवेगळे भाग त्या उंदरांना टोचायच्या. काही भाग टोचले की उंदरांच्या तोंडातून लाळ गळायची. हव्या असलेल्या संप्रेरकाशी त्या लाळेचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या कुणी वहीत 'दुष्परिणाम' लिहून पान उलटलं असतं. लीमन यांनी लाळेचाच माग काढला, आणि १९७०-७१ मध्ये हाती आलं शुद्ध सबस्टन्स पी, ११ अमिनो आम्लांची साखळी. चाळीस वर्षं नुसती पावडर असलेल्या पदार्थाला रचना मिळाली. त्याच कामातून त्यांना न्यूरोटेन्सिन हे आणखी एक न्यूरोपेप्टाइडही सापडलं. मूळ शोधत होत्या ते संप्रेरक १९८१ साली दुसऱ्या गटाला मिळालं.

वेदनाशामकांचं अपयशही मी तसंच वाचते. सबस्टन्स पी बसलं की एनके-१ रिसेप्टर पटलावरून आत ओढला जातो आणि पेशीच्या आतल्या पिशवीत, एंडोसोममध्ये जातो. तो तिथूनही निरोप देत राहतो, असं २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने दाखवलं. त्यांनी औषधाला कोलेस्टेरॉलसारख्या रेणूची शेपटी जोडून ते एंडोसोमपर्यंत पोचवलं, तर प्राण्यांत वेदना जास्त वेळ दबली. आपण इतकी वर्षं दाराशी पहारा देत होतो आणि निरोप्या घरात होता, असं असू शकेल. माणसांत ते ठरायचं आहे, आणि तुझ्यासारख्यांचं काम तिथेच आहे.

सबस्टन्स पीच्याच चेताटोकांत राहणाऱ्या सीजीआरपी या पेप्टाइडकडेही बघ. १९८२ मध्ये त्याचा सुगावा लागला आणि मायग्रेनवरचं एरेनुमॅब २०१८ मध्ये आलं. छत्तीस वर्षं लागली.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवते. पेप्टाइड काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटतं. सुरुवातीला माझे तीन महिने यात गेले. नळीत औषध आहे असं मी समजत होते आणि ते नळीच्या भिंतीवर बसलेलं होतं. द्रावणात थोडं अल्ब्युमिन हे प्रथिन घाल. साखळीतलं शेवटचं अमिनो आम्ल, मेथिओनीन, हवेने खराब होतं, म्हणून लहान-लहान भाग करून गोठव, एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नकोस.

प्रश्न : ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजतं तेव्हाही सबस्टन्स पी सुटतं का? – एक गृहिणी, जळगाव

हो, सुटतं. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ या रिसेप्टरला उघडतं. प्रत्यक्ष भाजल्यावरही हाच रिसेप्टर उघडतो, म्हणून मेंदूला आग झाल्यासारखं वाटतं. चेताटोकांतून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी बाहेर पडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ओठ लाल होतात. मिरच्या कुटल्यावर हात चुरचुरतात तेही यामुळेच. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच, म्हणून आधी हाताला तेल चोळा, मग साबण लावा.

प्रश्न : मुलीला औषधशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. घरच्यांना काळजी वाटते. किती वर्षं, आणि पुढे काय? – एक वडील, मडगाव

पाच वर्षं धरून चाला, फेलोशिप मिळाली तर तिचा खर्च तीच भागवेल. पुढे अध्यापन, औषध कंपन्यांचे संशोधन विभाग, वैद्यकीय चाचण्या, औषधसुरक्षा असे रस्ते आहेत, पण स्वतःची प्रयोगशाळा फार थोड्यांना मिळते. काळजी करा, पण अडवू नका.

प्रवेश घेण्याआधी तिने ती प्रयोगशाळा एकदा डोळ्यांनी पाहावी. मार्गदर्शकांच्या शोधनिबंधांची संख्या कुणीही सांगेल. तिने तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावं, प्राण्यांच्या प्रयोगांना नैतिकता समितीची परवानगी वेळेत मिळते का, ते विचारावं. आणि नमुने साठवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर कुठे आहे ते बघून, वीज गेल्यावर जनरेटर किती मिनिटांत सुरू होतो, हेही विचारून यावं.