दोन गुणांनी जिंकलो. आता श्रेणी कशी द्यायची?

या महिन्यातली तीन पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून एकत्र घेते. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, कारण सरांनी नुसता प्रश्न नाही, सामन्याची अख्खी वहीच पाठवली आहे.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेच्या १७ वर्षांखालील मुलींनी शालेय स्पर्धेतला बास्केटबॉलचा सामना ३८-३६ असा जिंकला. खरं सांगतो, आनंद झाला नाही. याच संघाला जुलैमध्ये सरावाच्या सामन्यात आम्ही २० गुणांनी हरवलं होतं. या वेळी हाफ टाइमला १७-२२ असे मागे होतो. ३६-३६ असताना शेवटच्या मिनिटात ७ नंबरने दोन फ्री थ्रो घातले म्हणून वाचलो. मुख्याध्यापकांनी प्रत्येक मुलीला या सामन्याची श्रेणी द्यायला सांगितली आहे. मी अशी दिली : ७ नंबर (१९ गुण) अ-१, ११ नंबर (८ गुण) ब-१, ५ नंबर (६ गुण) ब-२, ९ नंबर (३ गुण) क-१, ४ नंबर (२ गुण) क-२. यादी फलकावर लावण्याआधी तुम्हाला दाखवावीशी वाटली. राखीव मुलीने बाकावर बसून लिहिलेली वही सोबत आहे.
– एक क्रीडाशिक्षक, गडहिंग्लज तालुका

उत्तर : सर, यादी लावू नका. आधी ती वही पुन्हा उघडा.

वही लिहिणाऱ्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. अधिकृत स्कोअरशीटवर कोणी किती गुण केले आणि कोणाचे किती फाउल झाले, एवढंच कळतं. चुकलेला शॉट, उचललेला रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल), हातातून निसटलेला बॉल यांना तिथे जागा नसते. या पोरीने पट्टीने चौकटी आखून आत गेलेल्या प्रत्येक शॉटला टिंब आणि चुकलेल्याला फुली केली आहे. तुम्ही श्रेणी दिलीत ती फक्त टिंबांना. सामना अडला होता तो फुल्यांमध्ये.

७ नंबरच्या ओळीत मी बोट ठेवून फुल्या मोजल्या. दोन गुणांचे १९ प्रयत्न, त्यात ६ बास्केट. तीन गुणांचे ६ प्रयत्न, त्यात १. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट, ९, त्यात ४. झाले १९ गुण. म्हणजे २५ शॉटमधले १८ गेले, शिवाय ५ फ्री थ्रो गेले आणि ८ वेळा बॉल समोरच्यांच्या हातात गेला. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, स्पर्धांत खेळाडूच्या कार्यक्षमतेचा एक सोपा हिशेब करतात. गुण, रिबाउंड, असिस्ट (ज्यावर बास्केट झाला तो पास), स्टील (समोरच्यांकडून हिसकावलेला बॉल) आणि ब्लॉक (अडवलेला शॉट) यांची बेरीज करायची. चुकलेले शॉट, चुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (समोरच्यांना गेलेले बॉल) त्यातून वजा करायचे. ७ नंबरचे १९ गुण, ४ रिबाउंड, १ असिस्ट, २ स्टील : २६. वजा करायचे १८, ५ आणि ८ : ३१. उरले उणे ५.

आता तुमची क-२ घ्या. ४ नंबरचे गुण २, रिबाउंड ११, असिस्ट २, स्टील १, ब्लॉक १ : १७. वजा दोन चुकलेले शॉट आणि एक टर्नओव्हर. उरले १४. सर, तुमच्या यादीत सगळ्यात खाली असलेली मुलगी वहीत सगळ्यात वर आहे.

आणि तिचं मोठं काम तर या हिशेबातही येत नाही. समोरच्या संघाच्या १२ नंबरच्या उंच मुलीने पहिल्या हाफमध्ये १४ गुण केले. हाफ टाइमनंतर ४ नंबरला तुम्ही तिच्यावर लावलंत. पुढे त्या उंच मुलीचे गुण किती? चार. सामना इथे फिरला. बॉल हवेत असताना जी मुलगी रिबाउंडसाठी आधी मागे वळून समोरच्या संघातल्या आपल्या जोडीच्या अंगाला पाठ लावते, तिच्याकडे गॅलरीतून कोणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे रिंगवर असतात. तिथे बघायचं काम आपलं. डेनिस रॉडमन हा अमेरिकेतला खेळाडू १९९२ ते १९९८ असे सलग ७ हंगाम एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये सरासरी सर्वाधिक रिबाउंड घेत होता. त्याची कारकिर्दीतली सरासरी सामन्यामागे जेमतेम ७ गुणांची. तरी ५ विजेतेपदांच्या संघांत तो होता. नुसते गुण बघणाऱ्या मास्तराने त्यालाही क-२ दिली असती.

पण म्हणून ७ नंबरला क देऊन मोकळं होऊ नका. समोरचे २-३ झोन लावून, म्हणजे दोघी पुढे आणि तिघी रिंगजवळ अशी जागा राखून, आत दाटीने उभे होते, हे तुम्हीच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आहे. बाकीच्या चौघी बॉल आला की परत तिच्याकडेच ढकलत होत्या. संघ अडला की कोणीतरी शॉट घ्यावाच लागतो, आणि तो घ्यायची हिंमत तिच्यात होती. शेवटच्या मिनिटाआधी तिचे ७ पैकी २ फ्री थ्रो पडले होते. त्यानंतर बरोबरीच्या स्कोअरवर, थकलेल्या पायांनी, तिने दोन्ही घातले. रेषेवर उभी राहिल्यावर तिने बॉल तीनदा आपटला, एकदा ड्रेसला हात पुसला आणि मग टाकला, असं वहीत बारीक अक्षरात लिहिलंय. त्या मुलीने ते टिपलं याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या दोन शॉटना मी अ-१ देईन. सामन्याला मात्र ब-२. आणि तिला दोन्ही वेगवेगळं सांगेन. २५ शॉटमधले निदान १० चुकीच्या जागेवरून, तीन जणींच्या मधून घेतलेले होते. ती चूक कौशल्याची नाही, निवडीची. निवड शिकवता येते.

झोन फोडायचा तर बॉल फ्री थ्रो लाइनजवळ उभ्या असलेल्या मुलीकडे गेला पाहिजे. तिथे बॉल आला की झोन आत ओढला जातो आणि कोपरे मोकळे होतात. तुमच्या ५ नंबरने हे दोनदा केलं. तिचा तीन गुणांचा एकमेव बास्केट त्यातूनच आला, आणि ३ असिस्टही तिचेच. तिला ब-१ द्या. ११ आणि ९ नंबरचं फार लिहीत नाही. दोघींचे मिळून १० फ्री थ्रो आणि त्यातले ३ आत, यातच सगळं आलं.

खरं तर सगळ्या संघाचंच दुखणं तिथे आहे. २१ पैकी ८. तेरा वाया गेले, आणि तुम्ही जिंकलात दोन गुणांनी. फ्री थ्रोला समोर कोणी हात वर करून उभं नसतं, रेषा बोर्डापासून ४.६० मीटरवर पक्की, रिंग ३.०५ मीटरवर पक्की, बॉल टाकायला ५ सेकंद. तरी चुकतात, कारण आपण सरावात ते शेवटी, गप्पा मारत, एका जागी उभं राहून दहा-दहा टाकतो. सामन्यात असं कधी होतं का? मी मुलींना मैदानाच्या दोन फेऱ्या पळवायची, धापा टाकत असताना रेषेवर उभं करायची आणि फक्त दोन टाकायला लावायची. पुन्हा पळा, पुन्हा दोन. महिन्याभरात फरक दिसतो.

एक कठीण गोष्ट लिहिते, रागावू नका. वहीत एक ओळ तुमच्यासाठीही आहे. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइम-आउट मिळतात. तुम्ही एक घेतलात. ७ नंबर एक मिनिटही बाहेर बसली नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये तिचे सलग पाच शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आले. पाय थकले की बॉल पुढे पोचत नाही. हे बाकावरच्या मुलीला दिसलं. तुम्हाला दिसायला हवं होतं. यादीत सगळ्यांत वर स्वतःचं नाव लिहा आणि पुढे खरी श्रेणी लिहा.

फलकाबद्दल माझा हट्ट का, ते सांगते. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी माझा संघ इथेच कोल्हापुरात एका गुणाने जिंकला, खेळ अगदी रडतखडत. मी चिडून त्याच संध्याकाळी दहापैकी गुण लिहिले आणि सकाळी फलकावर लावले. एका मुलीला चार दिले, शेरा लिहिला : ‘खेळात सहभाग नाही.’ ती संपूर्ण सामना उजव्या कोपऱ्यात उभी होती, एकदाही बॉल मागितला नव्हता. दुपारी ती माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती हळू म्हणाली, “मॅडम, कोपरा सोडू नकोस असं तुम्हीच सांगितलं होतं की.” खरंच सांगितलं होतं. समोरची सगळ्यात चांगली डिफेंडर तिच्याबरोबर बाहेर राहावी, म्हणून तिला तिथे उभं केलं होतं. तिने ते चाळीस मिनिटं केलं, आणि आमचे सगळे ले-अप (रिंगजवळ जाऊन टाकलेले शॉट) त्या रिकाम्या जागेतून झाले. मी कागद काढला, सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. पण फलक सगळ्या शाळेने वाचला होता. पुढच्या सोमवारपासून ती सरावाला आली नाही.

तेव्हापासून मी सामन्याआधी प्रत्येक मुलीला एका चिठ्ठीवर एकच काम लिहून द्यायला लागले. ‘१२ नंबरला आत येऊ देऊ नकोस.’ ‘बॉल मिळाला की आधी कोपऱ्यात बघ.’ श्रेणी त्या चिठ्ठीवर. सामन्याच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी. आधी मुलीने स्वतःची श्रेणी चिठ्ठीच्या मागे लिहायची, मग मी माझी. दोन्हींत फरक पडला तर बसून बोलायचं, आणि ते बोलणं दोघींतच. आमच्या गल्लीतल्या तालमीत वस्ताद असंच करायचे. पैलवान कुस्ती मारून आला की गळ्यातला हार उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच्याकडूनच सगळी कुस्ती पहिल्या पकडीपासून वदवून घ्यायचे. ‘इथं तुझा पट निघाला असता, का नाही निघाला?’ हारलेल्याला ते कमी विचारत आणि जिंकलेल्याला जास्त. माझा थोरला भाऊ हे घरी येऊन सांगायचा, तेव्हा मला त्याचं नवल वाटायचं.

प्रश्न : जिंकलं ते जिंकलं की! एका गुणाने काय आणि वीसने काय? आमच्या पेठेत फुटबॉलची मॅच एक-शून्यने मारली तरी गुलाल तेवढाच उधळतो. पोरांची चिरफाड कशाला करता?
– एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ

उत्तर : गुलाल उधळाच. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत मीही बसलेली आहे, एक-शून्यची किंमत मला माहीत आहे. पण फुटबॉलमध्ये अख्ख्या सामन्यात मोजकेच गोल होतात, नशिबाचा वाटा मोठा. बास्केटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना साठ-सत्तर वेळा बॉल मिळतो, त्यामुळे कमकुवत संघाशी दोन गुणांवर आलात तर ते बहुधा योगायोगाने झालेलं नसतं. शिवाय फरकाला नियमातही किंमत आहे. साखळीत जिंकल्याला २ गुण, हरल्यालाही १ गुण मिळतो, आणि संघ बरोबरीत आले की आधी त्यांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल आणि मग त्याच सामन्यांतला गुणांचा फरक बघतात. तीन संघ असे अडकले, की दोन गुणांनी जिंकलेला सामना पुढे नडू शकतो. बरोबरी मात्र आमच्याकडे ठेवतच नाहीत. पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ, निकाल लागेपर्यंत.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. आमचा सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मला तिसऱ्या क्वार्टरमध्ये फक्त तीन मिनिटं मिळाली. बॉल दोनदा हातात आला, दोन्ही वेळा पास दिला. गुण शून्य. घरी सगळे विचारतात, तू काय केलंस? मला काय सांगावं कळत नाही. मला कोणती श्रेणी मिळेल?
– एक खेळाडू, कागल

उत्तर : बाळ, तुझ्या पत्रात एक ओळ तू खाली, सही केल्यावर लिहिली आहेस : ‘मी आत गेले तेव्हा आम्ही चारने मागे होतो, बाहेर आले तेव्हा एकने पुढे.’ ती ओळ पहिली लिहायला हवी होतीस. तू मैदानात असताना संघ पाच गुणांनी वर गेला. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक खेळाडूपुढे हा आकडा अधिक-उणे म्हणून छापतात. तीन मिनिटांच्या आकड्यावर फार विसंबू नये, त्यात बरोबरच्या चौघींचाही वाटा असतो. पण घरी कोणी विचारलं तर हे सांगायला काहीच हरकत नाही.

श्रेणी मला अजून देता येत नाही, कारण तुझं काम काय होतं ते तू लिहिलं नाहीस. सरांनी आत पाठवताना काय सांगितलं? तू कोणावर डिफेन्स करत होतीस, तिने त्या तीन मिनिटांत किती बास्केट केले? तुझ्या दोन पासनंतर काय झालं? शॉट उडाला तेव्हा तू रिंगकडे बघत होतीस की आपल्या जोडीला पाठ लावून उभी होतीस? एका कागदावर आठवेल तसं लिही, शेवटी तुझी श्रेणी तूच घाल आणि मासिकाच्या पत्त्यावर पाठव. मी माझी लिहून परत पाठवते.