दंगलीनंतर वस्तीत महिलांची शांतता समिती कशी उभी करावी?

प्रश्न मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम मिश्र वस्तीचा आहे, म्हणून आधी जवळचंच उदाहरण. १९७० आणि १९८४ ला पेटलेली भिवंडी १९९२ मध्ये, मुंबईत दंगल उसळली तेव्हा, शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे आधीच मोहल्ला समित्या, म्हणजे दोन्ही समाजांचे रहिवासी आणि पोलीस यांच्या समित्या, बांधल्या होत्या. म्हणजे समिती पुढच्या तणावाआधी उभी हवी, ती अशी.

दहा-बारा बायका पुरेत, दोन्ही समाजांच्या निम्म्या-निम्म्या. बैठक अंगणवाडीत घ्या, देवळाच्या किंवा मशिदीच्या हॉलमध्ये नको. वेळ दुपारी दोननंतरची, पाणी भरून झाल्यावर. पहिल्या दोन-तीन बैठकांत दंगलीचा विषय काढूच नका. नळ, रेशन, संडासाचं दार यावर बोला. एकाच नळावर हंडा लावणाऱ्या बायकांना एकमेकींचं दुखणं आधीच माहीत असतं.

अफवेसाठी प्रत्येक गल्लीत दोन जणी ठरवा. मेसेज आला की पुढे न पाठवता, तो ज्या गल्लीबद्दल आहे तिथल्या ठरलेल्या बाईला फोन करायचा, मग बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाच्या पोलिसाला.

हक्क तोंडपाठ हवेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, प्रत मोफत मिळते. कलम १७९ नुसार साक्षीदार महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. दंगलीनंतर घाबरलेल्या बाईला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

समित्या मोडतात त्या बहुतेक पक्षाचा कार्यकर्ता अध्यक्ष झाल्यामुळे, किंवा बायकांना फक्त हळदीकुंकवाला बोलावल्यामुळे. अध्यक्षपद ठेवूच नका. दर महिन्याला बैठक चालवणारी बदला, आणि वहीत सह्या घ्या.