बाळाच्या कार सीटच्या सेफ्टी तपासणीला जायच्या आधी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की बाळ ९ महिन्यांचं आहे, शोरूममध्ये कार सीट तपासून घ्यायची वेळ ठरली आहे, तर जाताना काय तयारी करावी आणि बाळाला सोबत न्यावं का. बाळाला न्यायचंच. बाकीचं नंतर सांगतो. आधी गाडीच्या मागच्या सीटवरचं रेग्झिनचं कव्हर काढा.

हसू नका. मी ३१ वर्षं प्रवासी बस चालवली. २५ वर्षं विनाअपघात म्हणून बिल्ला मिळाला, तो बैठकीत फ्रेम करून टांगला आहे. तरी माझ्या पोटच्या पोरीने मला याच तपासणीत नापास केलं, तेही व्हिडिओ कॉलवर, सुनेसमोर. त्यात अर्धा वाटा त्या कव्हरचा होता आणि कव्हर बसवून दिलं होतं माझ्या साळ्याने. त्याचं कार डेकोरचं दुकान आहे. आमचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून उत्तर लांबलं तर समजून घ्या.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पोरगी अमेरिकेत असते. तिकडे कार सीट तपासणारे वेगळे लोक असतात, तीन-चार दिवसांचं शिक्षण घेतात, परीक्षा देतात, मग त्यांना सर्टिफिकेट मिळतं. बऱ्याच ठिकाणी फायर स्टेशनवर, दवाखान्यात हे काम चालतं. पहिलं बाळ झालं तेव्हा तिने सीट तपासून घेतली आणि नंतर स्वतःच तो कोर्स करून बसली. मी तेव्हा म्हटलं होतं, एवढं शिकून हेच करायचं राहिलं होतं का. ते वाक्य ती विसरलेली नाही.

मागच्या वर्षी नातू, म्हणजे मुलाचा मुलगा, ८ महिन्यांचा असताना आम्ही शेगावला निघणार होतो. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अकोला करत. पोराने ऑनलाइन सीट मागवली, १८ किलोपर्यंत चालणारी, गाडीच्या बेल्टने बांधायची. मी म्हटलं, बेल्टच बांधायचा ना, आण इकडे. पाच मिनिटांत बसवली. सीटच्या पाठीला आमच्या सौभाग्यवतींनी मऊ गोधडी घातली, खांद्याच्या पट्ट्याला काळा दोरा बांधला. छान दिसत होतं. फोटो काढून पोरीला पाठवला.

दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल.

"बाबा, सीट उलटी बसवली तुमी."

"उलटी कशी? रस्त्याकडे तोंड आहे न त्याचं."

"म्हणूनच उलटी."

एवढ्या लहान लेकराचं तोंड मागच्या काचेकडे पाहिजे. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. गाडी समोरून आपटली की पुढे तोंड असलेल्या लेकराचं डोकं झटक्याने पुढे फेकलं जातं. मागे तोंड असलं तर सगळा धक्का पाठीवर पसरतो. माझ्या सीटवर बेल्टसाठी दोन वाटा होत्या, निळी आणि लाल. निळी मागे तोंड करून बसवायची, लाल पुढे तोंड करून. मी लालमधून बेल्ट घातला होता. रंग मला दिसले नव्हते असं नाही. डिझाइन वाटलं.

मग तिने सीट हलवायला लावली. "बेल्ट जिथून जाते तिथंच धरा बाबा, वरचं टोक धरू नका." धरून डावी-उजवीकडे, मागे-पुढे ओढलं. एक इंचापेक्षा जास्त हलायला नको असतं. माझी सीट वीतभर सरकली. गुळगुळीत रेग्झिन आणि त्याच्यावर गुळगुळीत प्लास्टिक, दुसरं काय होणार?

मी म्हटलं, निळ्या वाटेने घालतो, बक्कल दुसऱ्या बाजूचं घेतो. दुसरं बक्कल नाहीच. गाडी घेतल्यापासून तीन वर्षं मागच्या सीटवर मधलं आणि डावीकडचं बक्कल कुणी पाहिलेलं नव्हतं. बसताना टोचतात म्हणून साळ्याने ती आत खुपसून वरून कव्हर ताणून शिवलं होतं. कुणाला कधी लागलीच नाहीत. मागे बसून बेल्ट लावतं कोण आमच्याकडे? सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री पालघरजवळ मागच्या सीटवर बिनाबेल्टचे गेले, तेव्हा आठवडाभर पारावर चर्चा झाली. तेवढीच.

हे सगळं बघून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "तिकडं बसून तिले काय समजते? मी घेतो न लेकराले मांडीवर. चार लेकरं वाढोली, एकाले तरी पडू देल्लं का?"

मांडीचं नाव निघालं आणि माझं डोकं फिरलं. तुमच्याही घरी हे वाक्य निघणार, म्हणून सांगतो.

१९९६ ची दिवाळी. दिग्रसहून बस घेऊन येत होतो, गाडी खचाखच. पांदणीतून अचानक बैलगाडी वर आली. मी ब्रेक दाबला. वेग चाळीसही नसेल. बैलाला धक्का लागला नाही, बसला ओरखडा नाही. तिसऱ्या बाकावर एक बाई होती, वर्षाचं लेकरू मांडीवर. ते तिच्या हातातून साबणासारखं सुटलं आणि पुढच्या बाकाच्या लोखंडी पाइपवर तोंडावर आदळलं. ओठ फाटला. पुढे दोनच दात होते, त्यातला एक गेला. ती बाई रडत नव्हती. एकच म्हणत होती, "म्या धरलं होतं. म्या घट्ट धरलं होतं." बस सरळ तालुक्याच्या डॉक्टरकडे नेली, दोन टाके पडले. तिने तक्रार केली नाही. तक्रार नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून मला बिल्ला. त्या फ्रेमकडे कुणी पाहुणा कौतुकाने पाहतो तेव्हा मला तो पाइप दिसतो.

हे मी घरी पहिल्यांदा त्या दिवशी सांगितलं. २८ वर्षांनी. फोनवर पोरगी गप्प, इकडे सगळे गप्प. मग आमच्या सौभाग्यवती उठल्या, सीटमधली गोधडी स्वतःच काढली आणि आतून कात्री आणून माझ्या हातात दिली.

कव्हर कापलं. साडेपाच हजारांचं होतं. खाली दोन्ही बक्कलं सापडली, सोबत मुरमुरे, एक रुपयाचं नाणं आणि उदबत्तीची अर्धी काडी. पाठ आणि बैठक जिथे भेटतात त्या फटीत बोट घातलं तर लोखंडाच्या दोन आडव्या कड्या लागल्या. पोरगी म्हणाली, हेच ते आयसोफिक्स, म्हणजे बेल्टऐवजी बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या. गाडी घेताना सेल्समनने सांगितलं असेल, मी मायलेज विचारण्यात गुंतलो होतो. आमची सीट बेल्टवाली, त्यामुळे कड्यांचा उपयोग नव्हता, पण तुमची आयसोफिक्सवाली असेल तर त्या कड्या मोकळ्या हव्यात. शिवाय सीटच्या माहितीपुस्तकात लिहिलं नसेल तर बेल्ट आणि आयसोफिक्स दोन्ही एकदम लावू नका. डबल म्हणजे जास्त मजबूत, हा आपला हिशोब इथे चालत नाही.

नंतर निळ्या वाटेने बेल्ट घातला, गुडघा सीटवर ठेवून सगळं वजन दिलं आणि बेल्ट खेचला. सीट बोटभरही हलली नाही.

तरी पास झालो नाही. लेकराला बसवून खांद्यावरची पट्टी चिमटीत धरायला लावली. चिमटीत घडी आली म्हणजे पट्टी ढिली. आली घडी. आजीने दुपट्यात गुंडाळूनच लेकरू बसवलं होतं, त्यामुळे पट्टी दुपट्याला घट्ट होती, लेकराला नव्हती. दुपटं काढलं, पट्टी ओढली, मग चिमटीतून बोटं घसरली. थंडी असेल तर दुपटं पट्ट्यांच्या वरून पांघरायचं, आतून नाही. मागे तोंड असताना खांद्याच्या पट्ट्या खांद्याच्या बरोबरीच्या किंवा किंचित खालच्या भोकातून याव्या लागतात. पुढे तोंड झाल्यावर बरोबरीच्या किंवा वरच्या. काळा दोरा राहू दिला, फक्त पट्टीवरून काढून सीटच्या मागे बांधायला लावला.

एवढं सगळं साळ्याला सांगितलं तर म्हणतो, "भाऊजी, तुमची सीटच हलकी होती. माया कव्हरले नावं ठेवू नका." मी बसचा माणूस आहे, मला सरकणं कळतं. पन्नासच्या वेगाने गाडी आपटली तर आठ किलोचं लेकरू तेवढ्या क्षणाला दीड क्विंटलच्या पोत्यासारखा जोर करतं. दीड क्विंटल तूर दोन हातांनी धरून दाखव म्हटलं, तर विषय बदलतो. हाच माणूस बेल्ट न लावल्याची पिपाणी बंद करायला बक्कलात खोचायची नुसती लोखंडी जीभ विकतो, ऐंशी रुपयाला. तुमच्या गाडीत तसली जीभ खोचलेली असेल तर तपासणीला जायच्या आधी काढून फेका. तपासणाऱ्याने पाहिली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तर तयारी. सीट घरीच, तुम्हाला जमेल तशी बसवून न्या. डब्यात भरून नेऊ नका. तुम्ही काय चुकता ते त्याला दिसलं पाहिजे. चांगला तपासणारा सीट स्वतः बसवून देत नाही, तुमच्याकडून बसवून घेतो. तुमच्या शोरूमवाल्याने दोन मिनिटांत स्वतःच खटखट बसवून दिली तर ती तपासणी नव्हे. त्याला म्हणा, आता काढतो आणि मी बसवतो, तुम्ही बघा. अमेरिकेत एका सीटला वीस मिनिटं ते अर्धा तास सहज जातो. सीटचं पुस्तक आणि गाडीचं पुस्तक, दोन्ही सोबत पाहिजेत. बाळाचं आजचं वजन आणि उंची. अंदाज नको, अंगणवाडीत काटा आहे. जो माणूस रोज गाडीत बाळाला बसवणार आहे तो हजर पाहिजे. आमच्याकडे ती सून होती आणि कॉल चालू असताना ती मागे उभी राहून ऐकत होती, तिला कुणी हात लावू दिला नाही. आता तीच सगळ्यात चांगली बसवते.

सीटच्या मागे किंवा बुडाला चिकटपट्टी असते, तिचा फोटो काढून ठेवा. वजन-उंचीची हद्द, तयार झाल्याची तारीख, मंजुरीचा क्रमांक त्यावर असतो. बऱ्याच सीटना वापराची मुदतही असते. सेकंडहँड सीट असेल आणि ती अपघातातून गेली आहे का हे देणारा छातीवर हात ठेवून सांगू शकत नसेल, तर घेऊच नका. मामेभावाने प्रेमाने दिली असली तरी.

पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड करून बसवायची सीट कधीही नाही. आमच्या पोराला नातू जवळ हवा होता, शेजारी, दिसत राहावा म्हणून. एअरबॅग उघडते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे लेकराच्या डोक्यामागे. यावर आमच्या घरी चर्चा झाली नाही, मी होऊ दिली नाही.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब आलं: १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर १,००० रुपये दंड. आमच्या रस्त्याला अजून कुणाची पावती फाटलेली मी पाहिली नाही. मोटरसायकलचा नियमही आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून: ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हार्नेस, हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. आमच्या गावात टाकीवर बसून हँडल धरलेली लेकरं रोज शाळेच्या वेळेला पहा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी सांगितलं ते आमच्या सीटचं. तुमच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तकाचं ऐका, माझं नाही. बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा अशक्त असेल तर त्याला सीटमध्ये किती वेळ बसवायचं ते डॉक्टरांना विचारा. जुन्या गाडीत मधल्या जागेला फक्त कमरेचा बेल्ट असतो, त्यावर बऱ्याच सीट बसत नाहीत. सीटला पुढे टेकू देणारा पाय असेल आणि गाडीच्या तळाला सामानाचा कप्पा असेल तर पाय त्या झाकणावर ठेवायचा का हे गाडीच्या पुस्तकात बघा. आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली तर बसवायच्या आधी बक्कलाला हात लावून बघा, आपल्याकडे ते चटका देण्याइतकं तापतं. सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवत जा.

पैसे किती घेतील ते शोरूमलाच विचारा. माझे साडेपाच हजार गेले ते कव्हरचे.

नवीन कव्हर त्याच्याकडूनच घेतलं, घरचा माणूस आहे. कापडाचं, बक्कलांना आणि कड्यांना भोकं ठेवून. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, घरात लहान लेकरू आहे का. असेल तर भोकं ठेवून देतो. त्याचे दोनशे रुपये वेगळे घेतो, माझ्याकडूनही घेतले.