‘घाटावर’ म्हणजे नेमके कुठे?

प्रश्न असा आला आहे: घाट म्हणजे डोंगरातला वळणावळणाचा रस्ता; मग कोकणातली माणसे ‘मुलगी घाटावर दिली’ म्हणतात, ती काय रस्त्यावर राहते?

नाही. इथे ‘घाटावर’ म्हणजे घाट चढून गेल्यावर लागणारा सगळा मुलूख. चिपळूणकराला कुंभार्ली घाटापलीकडचे कराड घाटावर, रत्नागिरीकराला आंबा घाटापलीकडचे कोल्हापूर घाटावर. चढायची वाट ज्याची त्याची वेगळी, पण वरच्या प्रदेशाला नाव एकच. ‘घाटी’ हा शब्दही मुळात एवढेच सांगतो, घाटावरचा माणूस. मुंबईत त्याची शिवी झाली, याचे मला फार वाईट वाटते.

यातली खरी गंमत ‘वर’ या प्रत्ययात आहे. आपण कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात म्हणतो, पण घाटावर आणि देशावर (देश म्हणजे हाच घाटावरचा मुलूख). खानदेशातही ‘देश’ आहे, तरी ‘खानदेशावर’ कोणी म्हणत नाही. माझ्या मते हा ‘वर’ शब्दशः घ्यावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला देश खरोखरच वर असतो. क्रियापदेही तसेच सांगतात: पुण्याहून कोकणात आपण ‘उतरतो’. नकाशा कधी हाती न धरलेल्या माणसांनी उंचसखलपणा व्याकरणात असा नोंदवून ठेवला, हे मला अतिशय मोलाचे वाटते.

नदीचा घाट मात्र वेगळा. वाईत कोणी ‘घाटावर बसलोय’ म्हणाले, तर कृष्णेच्या पायऱ्या समजायच्या.

आणि हा प्रयोग एकट्या सह्याद्रीचा आहे असेही नाही. वऱ्हाडात अजिंठ्याच्या डोंगररांगेने तेच काम केले आहे. जुन्या फारसी कागदपत्रांत पूर्णेच्या खोऱ्याला पाईनघाट आणि दक्षिणेकडच्या पठाराला बालाघाट म्हणत. पाईन म्हणजे खाली, बाला म्हणजे वर. बुलढाणा जिल्ह्यात तालुक्यांची ही वाटणी आजही बोलण्यात जिवंत आहे. खामगाव, मलकापूर, शेगाव घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. तेव्हा मलकापुरात कोणी ‘पाहुणे घाटावरचे आहेत’ म्हणाले, तर ते बहुधा चिखली-मेहकरकडून आलेले असतात. कोल्हापूरचा तिथे काही संबंध नसतो.