मंडळीतील परिचारिकेने काय करावे, काय करू नये?

प्रश्न : रुग्णालयात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी नुकतीच निवृत्त झाले आहे. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, आरोग्यसेवा मी सांभाळावी, अशी पाळकसाहेबांची (चर्चच्या धर्मगुरूंची) इच्छा आहे. मी इंजेक्शने द्यावीत, औषधे सुचवावीत आणि कोण कशाने आजारी आहे ते प्रार्थनेसाठी पाळकांना कळवत राहावे, अशी लोकांची अपेक्षा दिसते. मी हे सारे करावे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : यांपैकी पहिल्या दोन गोष्टी करू नयेत आणि तिसरी आजारी व्यक्तीच्या परवानगीवाचून करू नये.

लोकांची अपेक्षा अगदीच निराधार नाही. १८३६ साली जर्मनीतील कैझर्सवर्थ येथे पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी सुरू केलेल्या संस्थेतील सेविका रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा करीत असत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५१ मध्ये तेथेच शिक्षण घेतले. मात्र मंडळीतील परिचारिकेचे आजचे काम वेगळे आहे. अमेरिकेतील लुथरन (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाची एक शाखा) पाळक ग्रेंजर वेस्टबर्ग यांनी १९७०च्या दशकात चर्चमध्येच डॉक्टर, परिचारिका आणि पाळक एकत्र काम करतील अशी आरोग्यकेंद्रे चालवून पाहिली. वैद्यकाची आणि श्रद्धेची अशा दोन्ही भाषा परिचारिकेला सहज कळतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर शिकागो परिसरात एका रुग्णालयाच्या साहाय्याने मंडळ्यांमध्ये परिचारिका नेमण्याचा उपक्रम सुरू झाला. आरोग्यविषयक माहिती देणे, निवांतपणे ऐकून घेणे, योग्य डॉक्टरकडे किंवा संस्थेकडे पाठवणे, स्वयंसेवक तयार करणे आणि आजारपणात श्रद्धेचा आधार मिळवून देणे, असे त्या कामाचे स्वरूप ठरले. इंजेक्शन देणे किंवा जखम बांधणे त्यात नव्हते, कारण दवाखान्याची दुसरी प्रत चर्चमध्ये उभी करण्याचा हेतूच नव्हता.

आपण बहुधा रक्तदाब मोजण्यापासून सुरुवात कराल, आणि ते ठीकच आहे. फक्त उपासनेत गाणी म्हणून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधू नये. त्याला पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू देऊ नये आणि थोड्या अंतराने दोनदा मोजावे. आकडा जास्त आला तरी एका दिवसाच्या मोजणीवरून निदान होत नाही. तो कागदावर लिहून देऊन डॉक्टरकडे पाठवावे. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे किंवा बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली, तर आकडा कितीही असो, त्या व्यक्तीला तत्काळ रुग्णालयात न्यावे. खरे तर पट्टा सोडवता सोडवता माणूस जे बोलून जातो, तेच पुष्कळदा त्या आकड्याहून महत्त्वाचे असते.

आणि तेथूनच गोपनीयतेचा प्रश्न सुरू होतो, जो मला या सेवेत सर्वांत नाजूक वाटतो. "अमुक भगिनींच्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी प्रार्थना करू या," असे व्यासपीठावरून जाहीर करणाऱ्याचा हेतू निर्मळच असतो, पण त्या भगिनीने ही गोष्ट सासरी अजून सांगितलेली नसेल तर त्या प्रार्थनेनेच तिचे घर ढवळून निघते. म्हणून प्रत्येकाला वेगळे विचारावे : पाळकांना सांगू का? प्रार्थनेत नाव घेतले तर चालेल का? आजार सांगायचा की केवळ नाव? एका प्रश्नाला मिळालेला होकार पुढच्या प्रश्नाला लागू होत नाही. अपवाद एकच : कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल, तर मौन पाळता येत नाही, आणि हे समोरच्याला बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

'प्रार्थनेने बरा झालो' म्हणून इन्सुलिन थांबवणारा कोणी भेटला, तर त्याच्या श्रद्धेशी वाद घालू नये. डॉक्टरने तपासून सांगेपर्यंत औषध चालू ठेवण्यास त्याला राजी करावे. अशा वेळी पाळकांचा शब्द आपल्यापेक्षा अधिक चालतो, म्हणून याविषयी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे.

काम स्वीकारण्यापूर्वी आपली परिचारिका म्हणून असलेली नोंदणी चालू आहे ना, ते पाहावे आणि कामाची मर्यादा मंडळीच्या कमिटीकडून लेखी घ्यावी. भेटींच्या नोंदी कुलूपबंद कपाटात ठेवाव्यात. त्याची किल्ली आपल्याजवळच असावी, पाळकांच्या टेबलाच्या खणात नव्हे.