दारातले ओले बूट

"ताई, मी रोज देवाचे आभार मानते, तरी काळजी सुटत नाही. माझा विश्वासच कमी पडतो का?"

ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला फार वेळा येतो. इथे सांगते ते एका मावशींचं. (त्यांना विचारून लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्यात.) राहायला पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौदच्या चर्चजवळ. मुलगा हिंजवडीत दुसऱ्या पाळीला, रात्री एक-दीडला दुचाकीवर घरी येतो. गल्लीत गाडी वळल्याचा आवाज येईपर्यंत यांच्या डोळ्याला डोळा नाही. छातीत धडधडायचं, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्या ठीक निघाल्या.

मग त्यांनी आभाराची वही दाखवली. प्रत्येक पानावर तेच: "जीवनासाठी, कुटुंबासाठी, अन्नासाठी उपकारस्तुती." शाळेतल्या हजेरीसारखं.

"आणि काळजी कुठे लिहिलीत?"

"ती कशी लिहायची? विश्वासणाऱ्या बाईनं?"

काळजी करणं म्हणजे अविश्वास, असं त्यांना मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणीतरी ऐकवलं होतं. सांगणारा चांगल्या मनानंच सांगतो, पण ऐकणारीला आता काळजीचीही काळजी लागते.

मी त्यांना बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातली अध्याय 4, ओवी 6 म्हणायला सांगितली. पाठच होती: "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." 'मागणी' या शब्दाशी मी त्यांना थांबवलं. प्रेषित पौल हे पत्र कैदेतून लिहितोय, आणि तोही मागणी गिळायला सांगत नाही. मावशी आभार मानत होत्या, मागणी मात्र पोटातच ठेवत होत्या.

ठरलं ते असं. संध्याकाळी सातला, दहा मिनिटं, अंथरुणात नाही. डाव्या पानावर आजची काळजी, जशी मनात येते तशीच, आणि तेवढीच प्रार्थना. उजव्या पानावर फक्त आज घडलेली एक गोष्ट, कालच्या पानावर चालली नसती अशी. मोघम आभारांवरून मन घसरतं. नेमकी गोष्ट शोधायची तर आजचा दिवस नीट बघावा लागतो.

पहिला आठवडा उजवं पान कोरंच. डावीकडे एक ओळ, पेन दाबून लिहिलेली: "पुलावर ट्रकनं उडवलं तर." हे त्या मुलाशीही कधी बोलल्या नव्हत्या. त्या रविवारी बोलल्या. तेव्हापासून तो निघताना मेसेज टाकतो. मग उजवीकडे पहिली नोंद आली: "दोडक्याची भाजी. अजून आहे का म्हणाला."

काळजी गेली असं मी म्हणणार नाही. मेसेज आला नाही की त्या आजही उठून बसतात. जुलैत शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा डावीकडे होतं, "पाऊस. रस्ता निसरडा." आणि दुसऱ्या दिवशीच्या उजव्या पानावर, "सकाळी उठले तर दारात त्याचे ओले बूट. कधी आला कळलंच नाही."